पेल्याचं घर

ही वही कधी कुणाच्या हाती लागलीच, तर आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीपर्यंत शाळा झाली. पुढची शाळा लांब होती आणि घरात धाकट्या भावंडांना सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. ऱ्हस्व-दीर्घ जिथे चुकलं असेल तिथे वाचणाऱ्याने मनातल्या मनात नीट करून घ्यावं. कुणाला दाखवायला हे लिहीत नाही. एक गोष्ट आहे जी तोंडाने सांगता येत नाही, आणि थंडी पडली की ती घशाशी येते, म्हणून लिहिते.

परवापासून थंडी पडली आहे. नाशिकची थंडी आधी तांब्याला कळते, मग माणसाला. सकाळी घंगाळाला हात लावला की चावल्यासारखा मागे येतो. गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभं राहिलं तर नदीवर धुकं असतं, पलीकडची पंचवटी दिसत नाही, नुसत्या घंटा ऐकू येतात. पेरूवाला मफलरीतूनच ओरडत जातो. चिंचेच्या पाण्यात हात घातला की बोटांच्या भेगांतून ते आंबट आत शिरतं आणि डोळ्यांत टचकन पाणी येतं. तांब्या-पितळेची भांडी उजळायची हे माझं काम. आधी चिंच आणि मीठ, मग राख, मग साधं पाणी, मग लगेच कोरडं फडकं. फडक्याला उशीर झाला की डाग पडतो आणि तो पुन्हा सगळं पहिल्यापासून केल्याशिवाय जात नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच चाललं आहे. हे घडवायचे, मी उजळायची.

हे म्हणजे माझे यजमान. तांबट. बाराव्या वर्षी हातोडा धरला तो धरलाच. पत्रा ठोकून ठोकून त्यांचे हात लाकडासारखे झाले आणि कान गेले. एकदम नाही गेले. आधी पाखरं गेली, मग भाकरी थापायचा आवाज, मग दाराची कडी, आणि मग माझा आवाज. माझा आवाज मुळात बारीक. माहेरी म्हणायचे, ही हाक मारते की श्वास सोडते ते कळत नाही. मुलीने मनमाडहून पैसे पाठवून कानाचं मशीन घेऊन दिलं, पण त्यात ठोकेच तेवढे मोठे ऐकू यायचे म्हणून ते कपाटात पडून आहे.

तेव्हा ह्यांना काही सांगायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगायचं. जेवायला या, एवढं मी ओरडते, कारण त्यात लपवण्यासारखं काही नसतं. बाकी सगळं खुणांनी. मूठ कानाला लावली की मुलीचा फोन. पदर डोक्यावर ओढला की कुणी मोठं माणूस आलं आहे. पोटावरून हात गोल फिरवला की भांड्यांचे शेठ. हे बघून ह्यांना हसू यायचं आणि शेठना वाटायचं, आपल्याला बघून माणूस खूष झाला. गिऱ्हाईक बोलत असलं की मी मधल्या दाराच्या पडद्याआड उभी राहून ऐकायची आणि ते गेलं की ह्यांना सांगायची. किती नग, कधी हवेत, काय ठरलं. ह्यांचे कान मीच होते. हे मी आज लिहिते तेव्हा हात थांबतो.

आमच्या गल्लीत पूर्वी घराघरात ठोका होता. आता दोन-तीन घरं राहिली, बाकी स्टीलची दुकानं. आमच्या घराचं नाव होतं ते गंगेच्या पाण्याच्या गडूंसाठी. इथे गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. लांबून लांबून आलेली माणसं इथलं पाणी तांब्याच्या छोट्या गडूत भरून न्यायची, आणि गडूचं तोंड आम्ही बंद करून द्यायचो. ह्यांच्या हातचा गडू कुठच्या कुठे गेला तरी थेंब गळायचा नाही. झाकण असं बसायचं की नखसुद्धा जाऊ नये. चांगलं काम म्हणजे काय, तर फट नसणं, हे ह्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं आणि ते ह्यांच्या हाडात बसलं. आता लोक प्लास्टिकच्या बाटल्या भरून नेतात. दोन बाटल्यांवर एक फुकट असते.

त्या थंडीला दोन वर्षं झाली. असाच मार्गशीर्ष लागला होता. रेवतीताई आमच्या दारात आल्या त्या पायातले बूट काढावेत की नाही या विचारात उंबऱ्याबाहेरच थांबल्या. तिशीच्या असतील. गंगापूर रोडला त्यांच्या वडिलांचा बंगला आहे. चार वर्षं तुर्कस्तानात नोकरी करून परत आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून एक लोकरीची टोपी काढली, आणि टोपीतून एक पेला.

तसा पेला मी पाहिला नव्हता. अंड्याच्या कवचाएवढा पातळ, वर निळी फुलं, काठाला सोनेरी रेघ. उजेडात धरला की पलीकडच्या बोटांची सावली दिसायची. धरायला कान नाही. आमच्याकडे लहान मुलीच्या भातुकलीत असतो तेवढा. रेवतीताई सांगत होत्या की तिकडे कॉफी यातच पितात. पिठासारखी बारीक दळलेली पूड, तांब्याच्या लांब दांड्याच्या भांड्यात उकळायची, वर फेस टिकला पाहिजे, गाळायची नाही. शेजारी पाण्याचा पेला. दोन-तीन घोटांत संपते, पण माणसं त्या दोन-तीन घोटांना तासभर बसतात. त्यांच्या तिकडच्या घरमालकीणबाई म्हाताऱ्या होत्या, त्यांनी निघताना सहा पेले आणि प्रत्येक पेल्याचं तांब्याचं जाळीदार बूड असं दिलं होतं. पेले हातातल्या पिशवीत होते म्हणून आले, बुडं ज्या पेटीत होती ती प्रवासात हरवली. त्या बुडाला तिकडे झर्फ म्हणतात. मला तो शब्द असा ऐकू आला, तसाच लिहिला.

वडिलांची गाडी ठेवायच्या खोलीत त्यांना कॉफीचं दुकान काढायचं होतं. पेले तिकडून आणखी मागवले होते. बुडं मात्र नाशिकच्या हातची हवीत, म्हणाल्या. चोवीस. संक्रांतीपर्यंत. मोबाइलवर एक फोटो होता, तो त्यांनी ह्यांच्यापुढे धरला.

"काका, पेल्याला कान नाही ना, म्हणून हे. बोटं भाजू नयेत म्हणून."

त्या असं म्हणाल्या. हळू नाही, भरभर, फोटो मोठा करता करता. हे गिऱ्हाइकापुढे मान हलवतात तशी मान हलवत होते. मी पडद्याआड होते आणि मी ते ऐकलं.

त्या गेल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. चोवीस, तिळगूळ वाटण्याची खूण करून संक्रांत, फोटोत आहे तशी जाळी, आणि हे चाललं तर पुढे द्राक्षमळ्यांकडची मोठी हॉटेलं आहेत, त्यांच्याकडूनही काम मिळेल. या शेवटच्या गोष्टीला मला बऱ्याच खुणा कराव्या लागल्या. बोटं भाजण्याचं सांगितलं नाही. लपवलं नाही, नुसतं सांगितलं नाही. वाटलं, धरायची वस्तू आहे, धरायलाच असणार, यात सांगायचं काय.

बारा हजार आगाऊ देऊन गेल्या होत्या, त्याचा पत्रा आणला. हे ह्यांचं शेवटचं काम ठरणार की पुढचं पहिलं, ते या चोवीस नगांवर होतं. मुलगी फोनवर म्हणत होती, बाबांना आता घरी बसव. स्टीलवाले शेठ म्हणत होते, आमच्याकडे या, भांड्यांवर नावं घालायचं मशीन आहे, बसून काम. हे दोघांनाही मान हलवत होते. पण मला त्यांनी एकदा स्वतःहून सांगितलं होतं, "एक नवं काम नीट जमलं ना, तर हातोडा राहील."

पेला मी तांदळाच्या डब्यात ठेवला होता, तांदळात अर्धा रुतवून. रोज सकाळी काढून द्यायचा, संध्याकाळी परत तांदळात. त्या दिवसांत गल्लीत पुन्हा ठोका ऐकू येऊ लागला. सकाळी शेगडीचा धूर, धुक्यात तो वर जायचाच नाही, दारातच घुटमळायचा. तापलेल्या तांब्याचा तो वास. बारीक ठोका, घाईचा नाही. शेजारच्या मंदाताई दारात येऊन उभ्या राहायच्या.

"वहिनी, दादांना काय झालंय? परत बोहल्यावर चढायचंय का? एवढं काय नटवतायत?"

मी हसायची. ह्यांना ऐकू जायचं नाही, पण मंदाताई आल्या की काहीतरी चेष्टा असणार म्हणून हेही हसायचे.

त्याला काय म्हणायचं ते आम्हाला ठरवायला लागलं नाही. झाकणाला घर असतं, कडीला घर असतं, तसं हे पेल्याचं घर. पहिलं घर झालं तेव्हा ह्यांनी मला हाक मारली. मी हात पुसत आले. त्यांनी पेला त्यात बसवला. बसताना बारीक आवाज झाला, डबीचं झाकण लागतं तसा. मग माझ्या मांडीवर पदर पसरायला सांगितलं आणि त्यावर पेला घरासकट उलटा धरला. मी पदर दोन्ही हातांनी ताणून धरला. पेला पडला नाही.

"बघ," म्हणाले, "सोडतच नाही."

लग्नानंतर आमची मुलगी कांचन जन्मली तेव्हा त्यांचं तोंड असं झालं होतं. त्यानंतर मी ते पाहिलं नव्हतं.

चहा करायला सांगितला. पेल्यात ओतला. त्यांनी घर मुठीत धरून चहा प्यायला, सावकाश, तिकडची माणसं पीत असतील तसा ऐटीत. मग माझ्यासाठी भरला आणि पुढे केला. मी दोन बोटांनी धरला आणि बोटं पोळली. तांबं आणि पेला यांच्यात काहीच नव्हतं, केसही जाऊ नये असं ते बसलं होतं. चहाचा सगळा कढ सरळ तांब्यात उतरला होता. मी पदराच्या टोकाने धरून दोन घोट प्यायले. ते माझ्याकडे बघत होते. त्यांच्या बोटांना निखारा कळत नाही, चहा काय कळणार.

खूण करता आली असती. भाजलं हे सांगायला तर तान्ह्या मुलालाही खूण येते. बोट झटकायचं, फुंकर घालायची. खुणेला आवाज लागत नाही, त्यामुळे माझ्या बारीक आवाजाचं कारण मी इथे सांगू शकत नाही. मी अंगठा आणि पहिलं बोट जुळवून दाखवलं. छान झालंय.

नंतर मी स्वतःला बरंच काही सांगितलं. माझ्या बोटांना भेगा आहेत म्हणून मला जास्त लागलं. कॉफी चहाएवढी कडक पीत नसतील. तिकडच्या माणसांना धरायची सवय असेल. मी चौथी शिकलेली बाई, तुर्कस्तानच्या वस्तूत मला काय कळतं. हे सगळं मला पटायचं, फक्त रोज नव्याने पटवून घ्यावं लागायचं. पाचव्या-सहाव्या घराच्या वेळी मी एकदा ठरवून त्यांच्या कानाशी गेले. त्यांनी हातोडा थांबवून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मंदाताई दारात. हलक्या आवाजात सांगितलं तर ह्यांना कळणार नाही, मोठ्याने सांगितलं तर मंदाताईंना कळणार, आणि मग संध्याकाळपर्यंत गल्लीला, की दादांचं काम बायकोनेच नापास केलं. मी म्हणाले, "जेवायला या." अजून अकराच वाजले होते. ते उठले आणि हात धुऊन आले. मला घाईघाईने भाकरी टाकावी लागली.

मग दहा झाली, मग पंधरा. मी ती एकेक करून उजळली. जाळीच्या बारीक भोकांत चिंच अडकायची ती काडीला फडकं गुंडाळून काढावी लागायची. उन्हात ओळीने मांडली की जाळीची नक्षी जमिनीवर पडायची. इतकं देखणं काम मी आयुष्यात उजळलं नाही. प्रत्येक उजळताना वाटायचं, आता सांगावं, आणि प्रत्येक झालेल्या घराबरोबर सांगणं जड होत होतं. एक मोडायचं असतं तर मोडलं असतं. पंधरा कशी मोडायची?

रेवतीताईंनी मला नंतर तिकडच्या रीती सांगितल्या, त्यातली एक मी विसरत नाही. मुलाकडचे बघायला आले की तिकडेही मुलीनेच कॉफी करायची, ट्रे घेऊन बाहेर यायचं, आणि सगळे तिच्या हाताकडे बघतात. आपल्यासारखंच. फक्त एक जास्त आहे. मुलाच्या पेल्यात ती साखरेऐवजी मीठ घालते. त्याने तोंड वाकडं न करता पेला संपवला तर समजायचं, मुलगा सोसणारा आहे. मला बघायला आले तेव्हा मी चहाचे कप हातात घेऊन उभी होते आणि कपबशा वाजत होत्या. ह्यांनी चहा बशीत ओतून प्यायला आणि म्हणाले, छान झालाय. मागाहून सासूबाईंनी सांगितलं की त्यात साखर नव्हती. मी घाबरून विसरले होते. त्यांनी तेव्हा माझी लाज राखली आणि मी त्याची परतफेड म्हणून त्यांच्या घराला छान म्हणाले, असं कुणी म्हणेल. पण बिनसाखरेच्या चहाने कुणाचं काही जात नाही.

संक्रांतीच्या आधी चोवीस घरं वर्तमानपत्रात गुंडाळून, वर तिळगुळाची पुडी ठेवून, हे देऊन आले. रेवतीताईंनी पेले बसवून बघितले, फोटो काढले, ह्यांचा हातोड्यासकट फोटो काढला. गरम काही त्यांनी त्यात ओतून पाहिलं नाही. त्यांच्याकडे त्या दिवशी रंगकाम चालू होतं.

दुकान उघडलं त्या दुपारी आम्हाला बोलावणं होतं. ह्यांनी मुलीच्या लग्नातला कोट घातला. गाडीची खोली ओळखू येत नव्हती. भिंती पांढऱ्या, कोपऱ्यात दिवे, बुटकी टेबलं आणि त्यावर आमची घरं. ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि तांबं असं चमकत होतं की येणारा प्रत्येक माणूस आधी त्याच्याकडे वळत होता. मी भिंतीशी खुर्ची धरून बसले. हे मध्ये उभे. लोक हात मिळवत होते. रेवतीताईंनी सगळ्यांना गप्प करून ह्यांची ओळख करून दिली. कॉफीचा वास सगळ्या खोलीत भरला होता, भाजल्यासारखा, कडू. 

पहिल्या टेबलावरच्या बाईंनी पेला उचलला आणि ओठाला लागायच्या आत त्यांच्या हातून सुटला. फरशीवर त्या कवचाचा चुरा झाला. घर गडगडत माझ्या पायाशी आलं. दुसऱ्या एकाने हात झटकला, तिसऱ्याने रुमाल काढला. मग सगळेच रुमालाने धरू लागले आणि कुणीतरी म्हणालं, "कॉफी आहे की अग्निपरीक्षा?" त्यावर सगळी खोली हसली.

ह्यांना ऐकू आलं नाही. लोक हसताहेत एवढं दिसलं, म्हणून हेही हसले. कोटाचं बटण नीट करत, सगळ्यांकडे बघत, हसले.

मी हे किती वेळा आठवलं असेल. ते हसू थांबवता आलं असतं तर मी काहीही दिलं असतं. पण ते थांबवायचं असतं तर महिनाभर आधी, माझ्या घरात, शेगडीपुढे बसून थांबवायला हवं होतं.

मग त्यांना रुमाल दिसले. एका टेबलाजवळ जाऊन त्यांनी भरलेला पेला उचलला, मुठीत धरला. माझ्याकडे पाहिलं. काय झालंय, असं विचारायचं असलं की ते भुवया उचलतात. नेहमी मी लगेच खूण करते. मी खाली फरशीकडे बघितलं. तेव्हा त्यांनी तो पेला घरासकट स्वतःच्या गालाला लावला. हाताची कातडी मेली होती, गालाची नव्हती. त्यांनी तो लगेच काढला नाही. जरा वेळ तसाच धरून ठेवला. रेवतीताई धावत आल्या आणि त्यांनी तो ह्यांच्या हातातून घेतला.

ह्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून ते नेहमी मोठ्याने बोलतात. त्या दिवशी मात्र इतकं हळू बोलले की मला फक्त ओठ दिसले. "हो. भाजतंय."

रेवतीताईंनी त्यांना कागदावर चित्र काढून दाखवलं. पेला फक्त काठाशी टेकतो, खाली चहूकडून हवा खेळते, म्हणून हात वाचतो. फट हवी असते. फोटोत ते दिसत नाही. हे त्या कागदाकडे खूप वेळ बघत राहिले. मग रेवतीताई म्हणाल्या आणि लिहूनही दिलं, "काका, चूक माझी आहे. मी नीट सांगायला हवं होतं."

त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. त्या एका वाक्याची खूण मी केली असती तर जाळी तशीच राहिली असती, घर तेवढंच देखणं झालं असतं आणि फट राहिली असती. माझी चूक त्यांनी सगळ्यांदेखत स्वतःवर घेतली आणि मी खुर्ची धरून बसून राहिले.

चोवीसच्या चोवीस घरं हे त्याच दिवशी परत घेऊन आले. एक ऐरणीवर घालून रुंद करून बघितलं. जाळी तुटली. जाळीचं काम एकदा झालं की ते ताणत नाही. दुसऱ्या दिवशी सगळी मोडीत घातली. तराजूत पडताना त्यांनी पाहिलं नाही, मी पाहिलं. मोडीचे पैसे आणून देवापुढे ठेवले आणि म्हणाले, "काम नाही तर पैसेही आपले नाहीत." रेवतीताईंनी फोन करून सांगितलं होतं की मेहनतीचे अर्धे ठेवा, नाहीतर सगळेच ठेवा, मला नकोत. मी खुणेने सांगितलं. ही खूण मी नीट केली. त्यांनी मान हलवली नाही.

त्या फेब्रुवारीपासून हे स्टीलवाल्या शेठकडे जातात. लग्नात द्यायच्या भांड्यांवर नावं घालतात. मशीनची सुई असते, ती टरटर करत जाते. कुणाकडून कुणाला, आणि तारीख. बसून काम आहे. डोळे दुखतात म्हणतात, बाकी काही म्हणत नाहीत. ऐरण आतल्या खोलीत आहे. तिच्यावर मी पिठाचा डबा ठेवते, म्हणजे ती दिसत नाही.

त्यांच्या पगारात घर चालतं. रेवतीताईंचे पैसे मी माझ्या भांडी उजळण्यातून द्यायचे ठरवले. नवरात्रात, दिवाळीत, लग्नसराईत लोकांच्या समया, घंगाळी, देवघरं उजळते. जमतील तसे घेऊन जाते. हे कधी आले नाहीत. पहिल्यांदा मी मागच्या दाराने गेले. रेवतीताईंनी हाताला धरून पुढच्या टेबलावर बसवलं. आता तिथे साधे कानाचे कप आहेत. कॉफी मला आवडली नाही, पुढे आवडायला लागली. गाळ तळाशी बसेपर्यंत थांबायचं असतं, हे थांबणं मला जमतं.

एकदा दुकानात कुणी नव्हतं तेव्हा त्यांनी माझा रिकामा कप बशीवर उलटा घातला. तिकडे तसं करतात, म्हणाल्या. थंड झाला की सुलटा करायचा आणि गाळाच्या नक्षीत पुढचं बघायचं. बायका एकमेकींचं बघतात. दुपारभर तेच चालतं. त्यांनी कप सुलटा करून माझ्यापुढे धरला.

"काकू, हा बघा रस्ता. आणि इथे कुणीतरी उभं आहे, बघा, बाई आहे."

"काय करतेय?" मी विचारलं.

"काही नाही. उभी आहे."

मग त्याच हसल्या, म्हणाल्या, अहो, मला कुठे येतंय, मी आपलं काहीही सांगते. मी त्या काळ्या ओघळांकडे बघत होते. तेव्हा सांगून टाकणार होते. रेवतीताई, मी ऐकलं होतं, एवढंच वाक्य. जीभ टाळ्याला लावली सुद्धा. त्यांचा फोन वाजला आणि त्या बोलत बोलत बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा दोन गिऱ्हाइकं बरोबर होती.

ह्यांनाही सांगायचा एकदा प्रयत्न केला. ते सातवी शिकलेत, वाचता येतं. किराणाच्या बिलाच्या मागे लिहिलं, मला आधीच कळलं होतं. तेवढंच. ते चष्मा पुसत बसले होते. मी जवळ गेले. दिवसभर सुईकडे बघून डोळे लाल झाले होते. आता यांना हे देऊन मी काय करणार? माझं ओझं उतरेल आणि यांना कळेल की त्या खोलीत सगळ्यात आधी आपलीच बायको होती जिला माहीत होतं. कागद मी शेगडीत घातला. दया होती की भित्रेपणा, मला अजून सांगता येत नाही. दोन्ही एकसारखेच दिसतात.

कधी वाटतं, मी सांगितलं असतं तरी काय झालं असतं? हॉटेलवाले आले असते का? गल्लीत ठोका राहिला असता का? नसताच राहिला, असं मंदाताईसुद्धा म्हणतील. दादा काय, सगळेच बंद झाले. पण बंद होणं वेगळं आणि लोक हसत असताना त्यांच्याबरोबर हसून बंद होणं वेगळं. सकाळी हे मफलर गुंडाळून शेठकडे निघतात तेव्हा मी दारात उभी असते. ते कोपऱ्यावरून वळून हात करतात. मीही करते. आमच्यात तेवढ्या खुणा आता पुरतात.

या मार्गशीर्षात गुरुवारच्या पूजेचे कलश बरेच आले. बोटं फुटली, पण हातात हजार रुपये शिल्लक राहिले. तेवढेच द्यायचे उरले होते. काल दुपारी गेले. रेवतीताईंनी कॉफी ठेवली. मी नोटा टेबलावर ठेवल्या. त्यांनी त्या मोजल्या नाहीत, कधीच मोजत नाहीत, पण या वेळी त्यांचे डोळे जरा ओले झाले. आता पैसे घेऊन यायचं नाही, नुसतं यायचं, असं म्हणाल्या. मला माहीत आहे, मी नुसती कुठे जाणारी बाई नाही. कारण असल्याशिवाय मला कुणाच्या दारात उभं राहता येत नाही. म्हणजे जे बोलायचं ते आत्ताच.

"ताई," मी म्हणाले, "मला आधीच माहीत होतं."

"काय, काकू?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. चांगल्या आहेत हो त्या. कॉफी वर येत होती, फेस काठाशी आला होता.

"हेच," मी म्हणाले. "की फिटतील म्हणून."

त्या हसल्या, गॅस बंद केला आणि नोटा उचलून गल्ल्यात टाकल्या. बारा हजार पूर्ण फिटले.